मुळाशी उगवणारी रेघ

केस रंगवायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी छटेकडे जाते. बर्गंडी घ्यावा की गडद तपकिरी, आपल्या वर्णाला कोणता खुलेल, पार्लरमधल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या झुपक्यांपैकी कोणता उचलावा, यात बराच वेळ जातो. मग पैशांचा प्रश्न येतो, आणि तोही आज किती लागतील एवढ्यापुरताच. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. रंग केसाच्या बाहेर आलेल्या भागावर बसतो, त्वचेखालच्या मुळापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून तीन आठवडे झाले की भांगाजवळ पाऊण सेंटिमीटरची, आपल्या मूळ रंगाची एक रेघ उगवतेच. ती किती ठळक दिसेल आणि आपण ती किती दिवस सहन करू, या दोन गोष्टींवर रंगाची खरी किंमत ठरते. पैसा, वेळ, केसांचे आरोग्य आणि अंगावर घेतलेली रसायने, सगळ्यांचा हिशोब त्या रेघेपाशी येऊन थांबतो. छटा निवडण्याआधी रेघ निवडावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

ही रेघ टळत का नाही, हे समजायला थोडे रसायनशास्त्र लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅराफेनिलीनडायअमाइन या पदार्थाचा रंगण्याचा गुण नोंदवला. पुढे १९०७ मध्ये पॅरिसमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ यूजीन श्युएलर यांनी कृत्रिम केशरंग बाजारात आणला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली, तीच आजची लोरेआल. तेव्हापासून आजतागायत पक्क्या रंगाचे तत्त्व फारसे बदललेले नाही. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवल्यांचे आवरण असते. अमोनिया किंवा तत्सम अल्कली हे खवले उघडते. पीपीडी या लघुनावाने ओळखला जाणारा तो पदार्थ आकाराने बारीक असल्यामुळे आत शिरतो. सोबत मिसळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आतच त्याची दुसऱ्या रेणूंशी जोडणी होऊन मोठे रंगीत रेणू तयार होतात, आणि ते मोठे झाल्यामुळे आले त्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत. धुण्याने रंग जात नाही तो यामुळे, आणि जुन्या-नव्या केसांची सीमा धारदार दिसते तीही यामुळेच. याउलट काही रंग कमी ताकदीच्या पेरॉक्साइडने किंवा त्याशिवायच बसतात. ते वीस-पंचवीस वेळा न्हाल्यावर, काही तर त्याहूनही लवकर, हळूहळू फिके पडतात. लोक त्यांना ‘टिकत नाही’ म्हणून नावे ठेवतात. पण फिका पडणारा रंग रेघेची कड पुसट करत जातो, आणि थोडेच केस पिकलेल्या माणसाला हा गुण पक्केपणापेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

आता थोडे गणित करू. पिकलेल्या केसांवर काळाभोर रंग लावणाऱ्याला तीन आठवड्यांनी पांढरी रेघ खटकते, म्हणजे वर्षाला सतरा वेळा मुळे रंगवावी लागतात. ज्याला सहा आठवडे चालतात त्याला नऊ वेळा, आणि तीन महिने निभावणाऱ्याला फक्त चार वेळा. समजा, पार्लरमध्ये मुळांच्या टच-अपला एका खेपेला हजार रुपये पडतात आणि जाण्यायेण्यासकट दोन तास जातात. पहिल्याचा वर्षाचा खर्च सतरा हजार रुपये आणि चौतीस तास, तर शेवटच्याचा चार हजार आणि आठ तास. आकडे आपापल्या गावातल्या पार्लरचे घालावेत, प्रमाण तेच राहते. केसांच्या आरोग्याचा हिशोबही याच गणितात आहे. वर्षाला पंधरा सेंटिमीटर वाढ धरली, तर तीस सेंटिमीटर लांब केसाचे टोक दोन वर्षांचे असते. दर तीन आठवड्यांनी मुळापासून टोकापर्यंत रंग चोपडणाऱ्या बाईच्या केसाच्या टोकाने दोन वर्षांत सुमारे चौतीस वेळा अल्कली आणि पेरॉक्साइड सोसलेले असते. टोके झाडूसारखी होतात आणि दोष शांपूला दिला जातो. रंग फक्त नव्या वाढीला लावावा, लांबीवर शेवटची काही मिनिटे फिरवला तरी पुरे, ही साधी गोष्ट कितीतरी घरांत आणि काही पार्लरांतही पाळली जात नाही. पुरुषांचे केस आखूड असल्यामुळे हा प्रश्न त्यांना कमी भेडसावतो. तीन सेंटिमीटरचा केस तीन महिन्यांत पूर्ण बदलतो आणि रंगवलेला भाग न्हाव्याच्या कात्रीखाली जातो. त्यांनी पक्क्या रंगाच्या मागे लागण्याचे कारणच नाही.

आपल्याकडे काळा कलप हा सर्वांत साधा, स्वस्त आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारा पर्याय मानला जातो. ज्याचे दहा-पंधरा टक्केच केस पिकले आहेत त्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. त्याचा मूळ रंग काळाच असतो, त्यामुळे नव्या वाढीतही काळ्याचेच प्रमाण जास्त राहते. पण साठ-सत्तर टक्के केस पांढरे झाले की त्या डोक्याचा मूळ रंग व्यवहारात पांढरा झालेला असतो. त्यावर काळा म्हणजे अंतराची कमाल. ज्या रंगाला आपण सगळ्यांत निमूट समजतो तोच तिथे सगळ्यांत जास्त गवगवा करतो, आणि पंधराव्या दिवशी भांग पुन्हा उघडा पडतो. अशा वेळी एकदम न बदलता दर खेपेला एक पायरी उजळ, म्हणजे काळ्यावरून गडद तपकिरी आणि तिथून मध्यम तपकिरीकडे, नव्या वाढीला सरकत गेले तर तीच रेघ दोन-तीन आठवडे उशिरा खटकते. यात एक अट आहे. आधी काळा रंगवलेला केस नुसता उजळ रंग लावून उजळत नाही, कारण रंगावर लावलेला रंग त्याला फिके करत नाही. जुना काळा भाग वाढून कापला जाईपर्यंत थोडा धीर धरावा लागतो, किंवा चांगल्या हातांकडून तो काढून घ्यावा लागतो. ‘तपकिरी केस वयाला शोभत नाहीत’ असा आक्षेप हमखास येतो. मला वाटते, सुरकुतलेल्या कपाळावरचा एकसुरी काळा रंगच चेहऱ्याला जास्त कठोर करतो. पण हे माझे मत बाजूला ठेवले तरी वर्षाच्या सतरा खेपा आणि दहा खेपा यांतला फरक उरतोच.

तरुण मुलामुलींचा प्रश्न उलट दिशेने येतो. केशरंगाच्या धंद्यात काळ्याला १ आणि अतिफिक्या सोनेरीला १० अशी पट्टी वापरतात. आपले केस बहुधा १ ते ३ मध्ये बसतात. सहा टक्क्यांच्या पेरॉक्साइडने, म्हणजे पार्लरच्या भाषेत ‘ट्वेंटी व्हॉल्यूम’ने, केस एक-दोन पायऱ्या उजळतो, नऊ टक्क्यांनी दोन-तीन. पडद्यावर दिसणारा राखाडी-सोनेरी रंग आठच्या पुढचा असतो. तिथवर जायचे तर ब्लीच करून केसातले मूळ रंगद्रव्यच नष्ट करावे लागते, आणि काळा केस वाटेत आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा होतो. त्या पिवळ्यावर टोनर चढवून राखाडी छटा येते, ती काही आठवड्यांत उतरते आणि खालचा नारिंगी-पिवळा पुन्हा वर येतो. म्हणजे मुळाशी काळी रेघ आणि लांबीवर उतरणारा टोनर, असे दुहेरी देणे. महाविद्यालयातल्या मुलीने खाऊच्या पैशांतून हा रंग करवून घेतला, तर पहिली बैठक निभते, दुसरी जड जाते आणि तिसरी होतच नाही. मग चार महिने ते केस बांधून ठेवायचे. तिला माझा सल्ला बर्गंडी किंवा चॉकलेटी यांसारख्या दोन पायऱ्यांच्या आतल्या छटेचा आहे, किंवा मग मुळापासून चार-पाच बोटे खाली, हाताने ओढलेल्या बटांचा. बालायाज या नावाने हा प्रकार चालतो. पहिल्या दिवशी तो महाग वाटतो, कारण त्यात हातकाम खूप असते. पण त्यात मुळाशी रेघ नसतेच, रंग जिथे सुरू होतो तिथे तो मुद्दामच विरळ ठेवलेला असतो. वर्षातून दोनदा सहा-सहा हजार दिले तरी बेरीज बारा हजार होते. मघाच्या सतरा हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

राहणीमानाचा विचार करताना आपण नोकरी, समारंभ, वय हे सगळे धरतो आणि पाणी विसरतो. रंग उतरवण्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याचाच असतो. पक्का रंग करताना अल्कलीने केसावरचा मेदाचा पातळ थर निघून जातो आणि असा केस जास्त पाणी पितो. विरार किंवा डोंबिवलीहून लोकलने येऊन घामाने थबथबणारी, रोज डोक्यावरून अंघोळ करणारी स्त्री आणि आठवड्यातून दोनदा न्हाणारी स्त्री, दोघींनी एकाच दिवशी एकच लाल छटा लावली तरी पहिलीची कितीतरी आधी उतरते. तिने लाल आणि तांबूस छटांच्या वाटेला न जाता तपकिरीवर राहणे बरे. पुण्या-संभाजीनगरच्या वाढत्या वस्त्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, ते पुष्कळदा जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रंगवलेल्या केसावर जास्त बसतात, केस राठ होतो, फेस होत नाही म्हणून शांपू जास्त ओतला जातो. शेवटचा तांब्या तरी पिण्याच्या पाण्याचा घेता आला तर घ्यावा. रोज पोहणाऱ्यांनी ब्लीच टाळावे, तलावाच्या पाण्यातल्या तांब्याने तसल्या केसांना हिरवट झाक येते. शेतात, बांधकामावर किंवा दुचाकीवर दिवस घालवणाऱ्यांना ऊन रंगाचा शत्रू आहे, त्यांना ओढणी किंवा टोपी कोणत्याही महागड्या सीरमहून जास्त उपयोगी. आणि खोबरेल तेल सोडू नये. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी झाली, सूर्यफूल आणि खनिज तेलाने झाली नाही. ही कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा. मात्र खोबरेल केसात मुरते, याला इतरांच्या कामातूनही दुजोरा मिळालेला आहे.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप येतो, आणि तो खराही आहे. पार्लर ज्यांना परवडतच नाही त्यांनी काय करायचे? वाण्याकडे कलपाची पुडी काही रुपयांत मिळते, ती महिन्यातून दोनदा लावली तरी वर्षाचा खर्च एका बैठकीइतका होत नाही. पैशांपुरते हे बिनतोड आहे. पण पुडीची किंमत पैशांत कमी असली तरी खेपांत जास्त असते. गडद छटांत पीपीडीचे प्रमाण साधारणपणे अधिक असते, आणि पीपीडी हा त्वचेची ॲलर्जी घडवणाऱ्या प्रमुख पदार्थांपैकी एक आहे. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवले होते. ही ॲलर्जी पहिल्याच वेळी उठते असे नाही. वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरल्यावर एखाद्या दिवशी कानामागे खाज सुटते, कपाळ सुजते, डोळे मिटतात, आणि एकदा शरीराने नोंद केली की ती बहुधा जन्मभर राहते. काही सुन्न करणारी औषधे आणि दुसरे रंगही त्यानंतर चालत नाहीत. जितक्या खेपा, तितक्या वेळा त्वचेची गाठ या पदार्थाशी पडते. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला, आणि सौंदर्यप्रसाधनांना कायद्याखाली आणणारा तिथला १९३८ चा कायदा होण्यात त्या घटनेचा वाटा होता. भारतातही अशा रंगांवर भुवया आणि पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते, असा इशारा छापणे आणि आधी त्वचेवर चाचणी करण्याची सूचना देणे बंधनकारक आहे. कालवलेला थेंबभर रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि वाट पाहायची. सूचनेत चोवीस तास लिहिलेले असले तरी अठ्ठेचाळीस थांबावे, ही ॲलर्जी उशिरा उठणारी आहे. ही चाचणी दर वेळी करायची असते. तिला पैसा लागत नाही, म्हणून पुडी वापरणाऱ्यालाच ती सर्वांत जास्त परवडते.

‘मग मेंदी लावू, ती नैसर्गिक’ हे उत्तर आपल्या घरांत तयारच असते. खऱ्या मेंदीबद्दल माझे मत चांगलेच आहे. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या पानांतले लॉसोन केसाच्या प्रथिनाला चिकटते, त्याला पेरॉक्साइड लागत नाही. काळ्या केसावर ती फारशी दिसत नाही आणि पांढऱ्यावर नारिंगी-तांबूस दिसते, त्यामुळे पंधरा-वीस टक्के केस पिकलेल्या डोक्यावर आपोआपच बटा रंगवल्यासारखा परिणाम मिळतो. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दोन-तीन तास बसण्याची सवड ज्याच्याकडे आहे त्याला ती स्वस्त. काळेपणा हवा असेल तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड दुसऱ्या हाताने लावावी लागते, म्हणजे वेळ दुप्पट. लहान मुले आणि नोकरी असलेल्या बाईला रविवारची ही सकाळ पुडीच्या पैशांपेक्षा महाग पडू शकते, हेही कबूल करायला हवे. खरा धोका मात्र वेगळाच आहे. मेंदीची पाने काळा रंग देत नाहीत. जी ‘काळी मेंदी’ अर्ध्या-पाऊण तासात केस काळेकुट्ट करते तिच्यात बहुधा पीपीडीच असते, आणि पाकिटावर पानांचे चित्र असल्यामुळे चाचणी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. घटकांची यादी बारीक अक्षरांत का होईना छापलेली असते. ती वाचूनच पाकीट घ्यावे, यादी नसेल तर परत ठेवावे.

कर्करोगाची भीती बाळगून अनेक जण रंगापासून दूर राहतात, त्यांना पुराव्याचा खरा आवाका सांगायला हवा. ११७,२०० अमेरिकन परिचारिकांचा ३६ वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०२० मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला. पक्का रंग वापरणाऱ्यांत बहुतेक कर्करोगांचे प्रमाण किंवा कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, स्तन आणि बीजकोशाच्या काही प्रकारांत थोडी वाढ दिसली. २०१९ च्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात ४६,७०९ स्त्रिया होत्या, त्या सगळ्यांच्या बहिणींना स्तनाचा कर्करोग झालेला होता. पक्का रंग वापरणाऱ्यांत धोका ९ टक्क्यांनी जास्त आढळला, कृष्णवर्णीय स्त्रियांत ४५ टक्क्यांनी. त्यांच्यातही पाच ते आठ आठवड्यांनी किंवा त्याहून वारंवार रंगवणाऱ्यांचा आकडा ६० टक्क्यांवर गेला, तर लवकर उतरणाऱ्या रंगांचा संबंध जवळजवळ दिसला नाही. हे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत आणि भारतीय स्त्रियांवर झालेले नाहीत. घाबरून जावे असे त्यांत काही नाही. तरी खेपा कमी करण्याच्या आणि फिका पडणारा रंग पसंत करण्याच्या बाजूने ते बोलतात, एवढे नक्की.

उरतो तो पर्याय न रंगवण्याचा. तो सर्वांत स्वस्त आहे हे उघड, पण आधी रंगवत आलेल्याला तो फुकट मिळत नाही. वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या हिशोबाने खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षे लागतात, आणि त्या दोन वर्षांत अर्धे काळे, अर्धे पांढरे डोके घेऊन लग्नकार्यांत वावरावे लागते. बॉबकट करणे किंवा पांढऱ्यात मधूनमधून गडद बटा सोडून सीमा मोडणे, या दोन युक्त्यांनी हा काळ सुसह्य होतो. पंचविशीच्या आधीच केस पिकू लागले असतील तर रंगाआधी डॉक्टरांकडे जावे, बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार कधी कधी मागे असतो. आणि नोकरीत पिकलेले केस चालत नाहीत म्हणून रंगवावे लागते, असे जेव्हा पन्नाशीची एखादी बाई सांगते तेव्हा तिला ‘मनावर घेऊ नका’ हा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या पुरुष सहकाऱ्याच्या पांढऱ्या केसांना अनुभव म्हटले जाते. तिने रंगवावे, पण चार महिन्यांचा खर्च आणि खेपा मोजून, आपल्या मूळ रंगाच्या शक्य तितक्या जवळची छटा घेऊन.

या हिशोबात एक माणूस सहसा धरलेच जात नाही. आपण वर्षाला चार किंवा सतरा वेळा रंग लावतो, पार्लरमधली मुलगी तो दिवसाला अनेकदा कालवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीत स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत निष्कर्षापुरता पुरावा नाही असे म्हटले, पण केशरचनाकारांच्या कामाचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला. गल्लीतल्या एका खोलीच्या पार्लरमध्ये खिडकी बंद असते, एसी चालू असतो आणि हातमोजे एकदा वापरून धुऊन वाळत घातलेले असतात. पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी तिच्या हातात नवे मोजे आहेत का ते पाहा, नसतील तर मागवा, आणि रंग कालवताना खिडकी उघडायला सांगा.